‘एस-थ्री सुसंगत’ एवढंच लिहून निविदा काढू नका : सोलापूर जिल्ह्यातल्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या सहकारी बँका, पतसंस्था, बाजार समित्या, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांसाठी क्लाउड सेवेच्या निविदा लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व पदाधिकारी व अधिकारी

विषय : क्लाउड सेवा घेण्याआधी तिची एपीआय (प्रोग्रॅमने सेवेशी बोलण्याची ठरलेली पद्धत) मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, चाचणीसंचावर तपासून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

हे पत्र मी ‘ऱ’ या एका अक्षरामुळे लिहितो आहे.

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची कागदपत्रं एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे हलवायचं काम आमच्याकडे आलं. कर्जाचे अर्ज, सातबाराचे उतारे, जामीनदारांची हमीपत्रं, हप्त्यांच्या पावत्या, सगळं स्कॅन केलेलं. नवी सेवा स्वस्त पडत होती. तिच्या माहितीपत्रकावर ‘एस-थ्री सुसंगत’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणजे ती ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणूक-सेवेसारखीच वागते असा दावा होता. निविदेतही नेमके तेच दोन शब्द होते. ते मीच सुचवले होते, त्यामुळे या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे.

फायली चढल्या. प्रत्येक फायलीला सर्व्हरकडून ‘२००’ हे यशाचं उत्तर आलं. लॉगमध्ये एकही तक्रार नाही. शेवटी दोन्हीकडच्या फायली मोजल्या, तर नव्या बाजूला सतरा कमी.

दोन रात्री त्यातच गेल्या. आधी नेटवर्कवर संशय घेतला, मग आमच्याच प्रोग्रॅमवर. शेवटी ती सतरा नावं एकाखाली एक लिहून काढली आणि बघत बसलो. ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’. ‘शेतकऱ्याचा दाखला’. ‘कर्ज घेणाऱ्याचे संमतीपत्र’. प्रत्येक नावात ऱ.

मराठीतला हा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे त्याचं स्वतःचं चिन्ह आहे, ते तीन बाइटचं. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता, ही दोन चिन्हं मिळून सहा बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संस्थेची जुनी नावं कधीकाळी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून घेतलेली होती आणि त्या कन्व्हर्टरने सगळीकडे र-नुक्ता टाकला होता. आताचे कर्मचारी इनस्क्रिप्ट कळफलकावर थेट ऱ टाइप करतात. त्यामुळे एकाच कर्जप्रकरणात ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ नावाच्या दोन वेगवेगळ्या फायली शेजारी शेजारी होत्या, एक जुना स्कॅन, एक नवा.

एस-थ्रीच्या नियमाप्रमाणे फायलीचं नाव म्हणजे बाइटची ओळ. अक्षरं डोळ्याला सारखी दिसतात की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. बाइट वेगळे तर फाईल वेगळी. जुनी सेवा या नियमाने चालत होती. नवी सेवा मात्र नाव साठवण्याआधी दोन्ही रूपं गुपचूप एक करत होती, म्हणून दुसरी फाईल आली की ती पहिलीच्या डोक्यावर बसायची. एका जोडीत जी पावती पुसली गेली तिच्यावर शाखा व्यवस्थापकांची सही होती. जी उरली तिच्यावर नव्हती.

जुन्या सेवेचं खातं महिनाअखेरीला बंद होणार होतं. मोजणी आणखी आठ दिवस लांबली असती तर त्या सतरा फायली कायमच्या गेल्या असत्या.

पुरवठादाराकडे तक्रार केली. उत्तर आलं : आमची सेवा पूर्ण सुसंगत आहे, तुमच्या फायलींची नावं चुकीची आहेत. शेतकऱ्याचा दाखला या नावात काय चूक आहे, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. पण भांडायला आमच्या हातात कागद नव्हता. ‘सुसंगत’ म्हणजे नेमकं काय, कुणाशी, कुठल्या बाबतीत, हे निविदेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याने माल विकला त्याच्याच तोंडून मालाची व्याख्या ऐकून घ्यायची वेळ आमच्यावर आली.

तुमच्यापैकी कुणावर ती येऊ नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

एस-थ्री ही मुळात ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये सुरू केलेली साठवणुकीची सेवा. तिच्याशी प्रोग्रॅमने कसं बोलायचं, फाईल कशी ठेवायची, कशी मागायची, यादी कशी घ्यायची, त्याची बोली म्हणजे तिची एपीआय. क्लाउड साठवणुकीसाठी सीडीएमआय नावाचं रीतसर आयएसओ मानक २०१२ मध्ये झालं. बाजार मात्र एस-थ्रीच्या मागे गेला, कारण तोवर असंख्य प्रोग्रॅम तीच बोली बोलत होते. मग इतरांनी तिची नक्कल केली. त्यात वावगं काहीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी गूगल-ओरॅकल खटल्यात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयचा गूगलने केलेला वापर ‘न्याय्य वापर’ ठरवला, सहा विरुद्ध दोन मतांनी. अशी नक्कल झाली नसती तर आपल्याला निवडीला दुसरा पुरवठादारच उरला नसता. मी स्वतः गेली काही वर्षं अशा सुसंगत सेवा संस्थांना सुचवतो आहे आणि पुढेही सुचवणार आहे.

पण ‘सुसंगत’ या शब्दामागे कुठलाही शिक्का नाही. कुणीही तो छापू शकतो.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमाग चालवत. सुताच्या पोत्यावर २० काउंट असं लेबल असायचं, आणि तरीही वडील त्यातलं सूत काढून १२० वारांची छोटी लच्छी, म्हणजे पूर्ण लच्छीचा सातवा भाग, मोजायचे व काट्यावर ठेवायचे. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लच्छ्या बसतात तितका काउंट, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. वजन जास्त भरलं की सूत जाड, म्हणजे काउंट कमी, आणि मग टॉवेलचं वजन आणि दर दोन्ही चुकणार. व्यापारी कधी रागवायचा नाही. त्याच्याकडेही तोच काटा होता आणि हिशेबही तोच. ते माप कुठल्याच गिरणीच्या मालकीचं नव्हतं, म्हणून ते दोघांना चालायचं. पोतं उघडून लच्छी काढायला लाजणारा कारखानदार मी आपल्या गावात पाहिलेला नाही. क्लाउडच्या बाबतीत आपण का लाजतो?

क्लाउडसाठीही असा काटा आहे, आणि तो फुकट आहे. ‘सेफ’ नावाचा साठवणुकीचा एक मुक्त स्रोत प्रकल्प आहे. आपली साठवणूक एस-थ्रीसारखी वागते की नाही हे तपासायला त्या लोकांनी शेकडो छोट्या चाचण्या लिहिल्या आणि ‘एस-थ्री टेस्ट्स’ या नावाने खुल्या केल्या. आम्ही लोक याला टेस्ट सूट म्हणतो, मी इथे चाचणीसंच म्हणतो. त्या चाचण्या पायथॉनमध्ये आहेत, ॲमेझॉनच्याच बोटो-थ्री लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) सर्व्हरशी बोलतात आणि एमआयटी परवान्याखाली असल्यामुळे कुणीही उतरवून घ्यावं, वाचावं, बदलावं. तो अधिकृत शिक्का नाही, हे त्यांनी स्वतःच पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे.

चालवायचं कसं, ते थोडं जवळून सांगतो, म्हणजे हे काही अगम्य प्रकरण आहे असं वाटणार नाही. पुरवठादाराकडून चाचणीसाठी वेगळी खाती मागायची. एक पुरत नाही, निदान दोन तरी लागतात, कारण एकाने ठेवलेली फाईल दुसऱ्याला परवानगीशिवाय दिसत नाही ना, हेही तपासायचं असतं. त्या खात्यांच्या चाव्या एका छोट्या कॉन्फिग फायलीत भरायच्या. बकेटच्या, म्हणजे फायली ठेवायच्या कप्प्यांच्या, नावांना पुढे काय जोडायचं ते ठरवायचं, म्हणजे चाचणीच्या बकेट ओळखू येतात. मग एक आज्ञा द्यायची आणि पडद्यावर ओळी धावू लागतात : बकेट तयार केली, फाईल ठेवली, परत घेतली, बाइट जुळले, उत्तीर्ण. रिकामी फाईल ठेवली, उत्तीर्ण. हजाराहून जास्त नावांची यादी मागितली, पहिल्या हजारानंतर ‘पुढे आहे’ अशी खूण मिळाली का? पाच एमबीपेक्षा छोटा तुकडा मध्येच पाठवला, सर्व्हरने नकार दिला का? नकार देणं हेही इथे बरोबर उत्तर असतं. जिथे नाही म्हणायला हवं तिथे हो म्हणणारा सर्व्हर मला जास्त धोक्याचा वाटतो. आमच्या सतरा फायली अशाच एका ‘हो’मध्ये गेल्या.

एक सावधगिरी. ह्या चाचण्या बकेट तयार करतात आणि पुसतात. तुमची खरी कागदपत्रं ज्या खात्यात आहेत त्यावर त्या कधीही चालवू नका.

या संचातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही चाचण्यांवर खूण आहे की ही खुद्द ॲमेझॉनवरही नापास होते. म्हणजे मूळ सेवा आपल्याच लिखाणाप्रमाणे किंवा अपेक्षेप्रमाणे जिथे वागत नाही, तेही लिहून ठेवलेलं आहे. मापाचा प्रामाणिकपणा मला अशा ठिकाणी दिसतो. पुरवठादाराने तुम्हाला ‘शंभर टक्के उत्तीर्ण’ असा कागद दिला तर मी आधी विचारीन, कुठल्या चाचण्या वगळल्या? आणि त्याने ‘एवढ्या उत्तीर्ण, ह्या नापास, ही त्यांची कारणं’ असं दिलं तर त्याच्याशी बोलणी पुढे न्यायला माझी हरकत नसेल.

हे मी नवं काही मांडत नाही. ओपनस्टॅक हा क्लाउड उभारण्याचा मुक्त स्रोत प्रकल्प २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केला. मूळ कोड एकच, तरी प्रत्येक कंपनीची आवृत्ती थोडी वेगळी वागू लागली आणि एकीवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर अडखळू लागला. तेव्हा त्यांनी ठरवलं की ओपनस्टॅकचं नाव उत्पादनाला लावायचं असेल तर ‘टेम्पेस्ट’ या सामाईक चाचणीसंचातल्या ठरलेल्या चाचण्या पार कराव्या लागतील. तिथे प्रत्येक चाचणीला कायमचा ओळख क्रमांक दिलेला आहे. चाचणीचं नाव बदललं, ती दुसऱ्या फायलीत गेली, तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या निकालाची तुलना करता येते. शेताचा मालक बदलला तरी गट नंबर बदलत नाही, तसं.

अनेक संगणकांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटिस या मुक्त स्रोत प्रणालीने २०१७ मध्ये हेच आणखी नेटकं केलं. ‘प्रमाणित कुबरनेटिस’ म्हणवून घ्यायचं असेल तर उत्पादकाने ठरलेल्या चाचण्या चालवायच्या, त्यांचा पूर्ण लॉग आणि हा निकाल दुसऱ्या कुणाला पुन्हा कसा काढता येईल त्याच्या पायऱ्या गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांसमोर ठेवायच्या. तिथे जगातल्या बलाढ्य कंपन्यांच्या फायली छोट्या कंपन्यांच्या शेजारी पडलेल्या आहेत आणि सोलापुरात बसून त्या कुणालाही उघडता येतात. आवृत्ती पुढे गेली की प्रमाणपत्रही पुन्हा घ्यावं लागतं. एकदा पास, कायमचा पास, असा मामला नाही.

चाचणीसंच खुलाच का हवा, पुरवठादाराचा स्वतःचा का नको, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. त्याचं उत्तर जावाच्या इतिहासात आहे. अपाचे फाउंडेशनने ‘हार्मनी’ नावाने जावाची स्वतंत्र, मुक्त अंमलबजावणी लिहायला घेतली. ती जावाशी सुसंगत आहे हे सिद्ध करायला जावा बनवणाऱ्या सन कंपनीचा चाचणीसंच लागत होता आणि सनने तो वापराच्या क्षेत्रावर बंधनं घालूनच देऊ केला. अपाचेने एप्रिल २००७ मध्ये सनला खुलं पत्र लिहिलं. बंधनं उठली नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये अपाचे जावाच्या कार्यकारी समितीतून बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी हार्मनी प्रकल्प गुंडाळला गेला. कोड लिहिणारे होते, वापरणारे होते, पण मोजपट्टी एकाच्या कपाटात कुलूपबंद होती. म्हणून मी खुल्या चाचणीसंचाचा आग्रह धरतो.

आता, एकदा तपासलं की झालं, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या लायब्ररींमध्ये एक बदल केला. बोटो-थ्रीच्या १.३६ आवृत्तीपासून फाईल चढवताना चेकसम, म्हणजे मजकूर जसाच्या तसा पोहोचला का हे ताडून पाहायचा आकडा, आपोआप जोडला जाऊ लागला. हेतू चांगला होता, वाटेत डेटा बिघडला तर कळावं. पण बऱ्याच सुसंगत म्हणवणाऱ्या सेवांना ही नवी भर समजली नाही आणि त्या फायली नाकारू लागल्या. त्याच सुमारास आपल्याकडे कांद्याचा हंगाम भरात. मार्केट यार्डातल्या एका अडत्याकडे आमचं सॉफ्टवेअर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांचे फोटो साठवतं. लायब्ररीची आवृत्ती आम्ही बांधून ठेवलेली नव्हती, ती रात्रीतून पुढे गेली आणि सकाळी एकही पट्टी चढेना. बाहेर गाड्यांची रांग, आत मुनीमजी माझ्याकडे बघताहेत. एका सेटिंगने, ‘गरज असेल तेव्हाच चेकसम जोड’ एवढं सांगून, ते दुपारपर्यंत सुटलं. सुटलं खरं, पण पुरवठादाराकडे रोज रात्री हा चाचणीसंच नव्या लायब्ररीसह चालत असता तर त्यालाच आमच्या आधी कळलं असतं. त्याच्याकडे तसं काही चालत नव्हतं. मी विचारलं होतं.

शेकडो चाचण्यांपैकी तुमच्या संस्थेला सगळ्या लागत नाहीत. पतसंस्थेला काय लागतं? फाईल ठेवणं, घेणं, मोठी फाईल तुकड्यांत चढवणं, यादी, जुन्या आवृत्त्या जपणं, ठरावीक वेळेपुरती उघडणारी लिंक देणं. बँकेला आणि रुग्णालयाला याशिवाय एक फार महत्त्वाची गोष्ट लागते, ती म्हणजे फायलीला मुदतीचं कुलूप. अमुक वर्षांपर्यंत ही फाईल कुणालाच, प्रशासकालाही, पुसता येऊ नये. इथे नीट लक्ष द्या. एका सेवेवर मी हे करून पाहिलं. कुलूप लावण्याची विनंती पाठवली, उत्तर २००. मग त्या फायलीची नेमकी आवृत्ती सांगून ती पुसण्याची विनंती पाठवली. नकार यायला हवा होता. फाईल गेली. त्या सेवेने कुलपाची विनंती ऐकून घेतली होती, कुलूप लावलंच नव्हतं. विक्रीच्या प्रात्यक्षिकात हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे कुलूप लावून दाखवतात, फोडून दाखवत नाहीत. आणखी एक बारकावा असा की आवृत्ती न सांगता पुसलं तर एस-थ्रीच्या नियमानुसार वरून फक्त ‘पुसली’ अशी खूण लागते आणि खालची फाईल शाबूत राहते, तेव्हा तो होकार बरोबरच आहे. कुठला होकार बरोबर आणि कुठला घातक, हे ओळखायला लिहून ठेवलेली चाचणीच लागते. माणसाच्या आठवणीवर हे सोडता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल जे निर्देश काढले त्यात सेवा सोडून बाहेर पडण्याची तयारी आधीच ठेवायला सांगितलं आहे. अनेक संस्थांच्या धोरणात यावर एक परिच्छेद असतो आणि तिथे ‘सेवा सुसंगत असल्याने स्थलांतर सुलभ’ असं वाक्य लिहून विषय संपतो. ते वाक्य खरं आहे का, हे तपासायचा रस्ता म्हणजे आजच्या सेवेवर आणि उद्याच्या संभाव्य सेवेवर एकच यादी चालवून दोन निकाल शेजारी ठेवणं. जिथे फरक दिसेल तिथे स्थलांतर अडणार.

चाचणीसंच काय सांगत नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर मी तुम्हाला दुसऱ्याच एका लेबलावर विश्वास ठेवायला लावल्यासारखं होईल. फायली दहा वर्षं टिकतील का, मार्चअखेरीच्या गर्दीत सेवा मंदावेल का, पुरवठादाराचा माणूस रात्री फोन उचलेल का, बिल अचानक फुगेल का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी चौकशी करा. आणि सरकारी पॅनेलवर नाव आहे म्हणजे हे सगळं तपासून झालं, असंही समजू नका. सुरक्षेची तपासणी वेगळी, तुमचा प्रोग्रॅम तिथे नीट चालणं वेगळं.

तर माझी विनंती अशी, की निविदेत ‘एस-थ्री सुसंगत’ या दोन शब्दांच्या जागी पुढच्यासारखा मजकूर घाला : ‘सेवेची एपीआय निविदेत नमूद केलेल्या मुक्त स्रोत चाचणीसंचाच्या नमूद केलेल्या कमिट क्रमांकावर, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर तपासली जाईल. सोबतच्या यादीतील सर्व चाचण्या उत्तीर्ण होणे बंधनकारक राहील. यादीबाहेरच्या ज्या चाचण्या नापास होतील त्यांची नावे व कारणे पुरवठादाराने करारास जोडावीत. करारकाळात दर तिमाहीस हीच तपासणी पुन्हा होईल आणि आधी उत्तीर्ण झालेली चाचणी नापास झाल्यास तो सेवेतील दोष समजला जाईल.’ वकिलांना दाखवून भाषा सुधारा, पण कमिट क्रमांक, म्हणजे चाचणीसंचाची नेमकी कुठली आवृत्ती ते सांगणारा क्रमांक, गाळू नका. चाचणीसंच वेळोवेळी बदलतो, त्यामुळे नुसतं नाव लिहिलं तर पुन्हा ज्याची त्याची व्याख्या सुरू होईल.

एकट्या छोट्या पतसंस्थेला हे झेपणार नाही, हे मला मान्य आहे. तिथे दोन कर्मचारी, एक संगणक, आणि तोही गेली सात वर्षं ‘यंदा बदलू’ म्हणत टिकवलेला. पण चाचणीची यादी प्रत्येकाने वेगळी करायची गरजच नाही. सातबारा, पावत्या, हमीपत्रं सगळ्यांकडे सारखीच असतात. जिल्ह्यापुरती एक यादी करू, एकाने चालवलेला निकाल सगळ्यांनी वाचावा, दुसऱ्याने तो पुन्हा काढून पाहावा. पुरवठादाराला दहा संस्थांनी दहा वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर तो दहा वेगळी उत्तरं देतो. दहा जणांनी एकाच क्रमांकाची नापास चाचणी दाखवली तर त्याला दुरुस्ती करावी लागते.

संगणक विषयाच्या प्राध्यापकांनाही इथेच सांगतो, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री आहे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठापर्यंत आपल्याकडे दरवर्षी शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प होतात. त्यातला एखादा गट दर महिन्याला उपलब्ध सेवांवर ही यादी चालवून निकाल जाहीर करेल तर त्या विद्यार्थ्यांना खरा कोड वाचायला मिळेल आणि जिल्ह्याला ताजा निकाल. चाचणी नापास झाली की चूक सर्व्हरची, चाचणीची की आपल्या समजुतीची, हे शोधताना जे शिकायला मिळतं ते वर्गात शिकवणं अवघड आहे. मी स्वतः एचटीटीपी, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीचे नियम, खऱ्या अर्थाने याच वाटेने शिकलो.

आणि मराठीच्या चाचण्या आपणच लिहायच्या आहेत. आमची ‘ऱ’ची चाचणी वीसेक ओळींची आहे : एकाच नावाची दोन्ही रूपं ठेवायची, यादी मागायची, दोन नावं परत आली पाहिजेत आणि दोन्हींतला मजकूर आपापला असला पाहिजे. दुसरी चाचणी नावाच्या लांबीची आहे. एस-थ्रीत नावाला १०२४ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ३४१ चिन्हं. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला तिप्पट जागा मिळते. ‘शाखा/वर्ष/प्रकरण/कागदाचं नाव’ असा लांबलचक मार्ग मराठीत लिहिला की ही मर्यादा वाटते तेवढी दूर राहत नाही. या चाचण्या आम्ही आमच्याकडेच ठेवणार नाही, मूळ चाचणीसंचाकडे पाठवणार आहोत. तिकडे त्या घेतल्या गेल्या तर कन्नड, तेलुगू, बंगाली लिहिणाऱ्यांना आपापल्या अक्षरांच्या चाचण्या त्यांच्या शेजारी बसवता येतील. सोलापुरात राहून मला तेलुगू आणि कन्नड वेगळं सांगायला नको, आपल्या कितीतरी संस्थांच्या खातेदारांची नावं त्या भाषांतून येतात.

पहिलं पाऊल म्हणून मला तुमच्याकडून फार काही नको. तुमच्या संस्थेच्या साठवणुकीतली सगळ्यांत अडचणीची पन्नास नावं काढून द्या. फायली नकोत, खातेदारांची नावं त्यात असतील तर ती बदलून द्या, अक्षरं तेवढी तशीच ठेवा. लांब नावं, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं, रुपयाचं चिन्ह, मध्ये दोन स्पेस पडलेली, शेवटी टिंब राहिलेली, सगळी चालतील. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी मी माझा लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येईन. चाचणीची दोन खाती उघडून ठेवा. तुमच्या पुरवठादाराचा माणूसही बोलवा, त्याच्यासमोरच चालवू.

कळावे,

आपला नम्र,
संस्थांची कागदपत्र-साठवणूक सांभाळणारा एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
जुळे सोलापूर